वात विझल्याचा वास

आयुधपूजेला इंजिनावर कापसाचं वस्त्र घालायची पद्धत तंजावरात फक्त आमच्याच घरी असावी. त्या दिवशी गाड्या सगळेच धुतात, बॉनेटला चंदन-कुंकू लावतात, पुढे झेंडूची माळ घालतात आणि चाकांखाली लिंबं ठेवून गाडी एकदा पुढे घेतात. तेवढं आम्हीही करतो. पण आईचं म्हणणं असं की गणपतीला वस्त्र, गौरीला वस्त्र, मग इंजिनानंच काय घोडं मारलंय? म्हणून ती बॉनेट उघडायला लावायची, इंजिनावर कापसाच्या मण्यांचं गेजवस्त्र ठेवायची आणि त्याच्यावर हळदकुंकू वाहायची. गल्लीतली तमिळ माणसं हे बघायला यायची आणि हसायची. ती हसली की आई आणखी चिमूटभर कुंकू वाहायची.

आईचं वर्षश्राद्ध झाल्यावरची पहिली आयुधपूजा मी केली. डब्यात तिच्या हातची थोडी वस्त्रं उरली होती. त्यातलं सगळ्यांत लांब काढलं आणि इंजिनावर ठेवलं. हळद वाहताना बाहीनं डोळे पुसले. कोणी बघू नये म्हणून घाईनं बॉनेट लावलं आणि आत निघून आलो. पूजा संपली की आई ते वस्त्र काढून तुळशीत ठेवायची, हे मला ठाऊकच नव्हतं. घालताना मी दरवर्षी हजर असायचो, काढताना कधीच नाही.

गाडी अप्पांची. कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घेतली आणि दर शनिवारी सकाळी एकटेच ती चालवत पापनाशमला थोरल्या बहिणीकडे जायचे, ऊन उतरल्यावर परत यायचे. तिथे करायचे काय? तर बोलायचे. आमच्या घरात मराठी आता तोंडी लावण्यापुरतीच उरली आहे. मुलांना कळतं सगळं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. मला देवनागरी अप्पांनीच पाटीवर गिरवून शिकवली, तरी त्यांच्याशी माझं बोलणं औषधं आणि पाण्याची मोटर यांच्या पुढे जात नसे. आई गेल्यावर पोटभर मराठी त्यांना आत्याकडेच मिळायची.

पूजेनंतरच्या शनिवारी परत आले ते किल्ली हातात तशीच धरून माझ्यापुढे उभे राहिले.

"गाडींत वास येवलागला, रे."

"कसला?"

"जळका. रेल्वेच्या फाटकाशी थांबलों की येतो, गाडी पळाली की जातो." मग जरा विचार करून म्हणाले, "देवापुढची वात विझते न, तसला."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. निरीक्षण नोंदवताना आधी दिसलं ते लिहा, अर्थ मागाहून लावा, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसतो. अप्पांनी मला वास कुठे येतो, कधी येतो, कधी जातो आणि कशासारखा येतो, सगळं एका दमात सांगितलं होतं. आणि मी काय ऐकलं? वात. देव. म्हणजे आई. बिचारे अजून तिच्यातून बाहेर आलेले नाहीत, असं मनात म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची मला आजही लाज वाटते.

तरी कर्तव्य म्हणून गाडी मेकॅनिककडे नेली. माणूस जाणता. वायर तापली की प्लास्टिकचा उग्र वास येतो, क्लच घासला की करपलेल्या कागदासारखा, ब्रेक धरून राहिला की चाकाजवळ, ऑइल गळून सायलेन्सरच्या नळीवर पडलं की तळणाचा, असं तो बोटांवर मोजत सांगत होता. फ्यूज बघितले, पट्टा बघितला, चाकांना हात लावून बघितला. वास कसा येतो, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, जळका. वातीचं सांगितलं नाही. मला संकोच वाटला. म्हाताऱ्या माणसाचं हळवं बोलणं गॅरेजमध्ये कशाला काढायचं?

"ओण्णुम् इल्ल, सार," तो म्हणाला. काही नाही.

मी ते तीन शब्द घेऊन घरी आलो, आणि अप्पांना इतक्या समाधानानं ऐकवले की जणू त्यांची काही खोडच मोडायची होती.

अप्पांनी हुज्जत घातली नाही. पण पुढच्या शनिवारी म्हणाले, "तूं ये संगं. तूंच पाहा." गेलो. गाडी मी चालवली. एसी लावला, बाहेरची हवा आत येण्याचं बटण बंद केलं, कारण रस्त्याला धूळ. त्या रस्त्यावरच्या फाटकाशी गाडी अडली. पुढे बस, मागे ट्रॅक्टर.

"आतां येईल," अप्पा म्हणाले. मी नाक वर करून हुंगल्याचं नाटक केलं. काही नव्हतं.

"काच खालीं कर."

"अप्पा, बाहेर ऊन बघा किती आहे."

"मी चालवतों तेव्हां एसी लावींना. बाहेरची हवा आंत घेतों. काच खालीं कर, मग येईल."

मी काच खाली केली नाही. ट्रॅक्टरचा धूर येईल म्हणालो. खरं कारण ते नव्हतं. मी जिंकत होतो आणि मला जिंकायचं होतं. काच खाली करायला एक बोट लागतं. फाटक उघडलं, गाडी पळाली, आणि अप्पा पापनाशम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर दर शनिवारी ते वासाचं सांगत आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करी. पोंगलच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. घरचं माणूस गेल्यावर काहींना असे वासाचे भास होतात, पण इतक्यात काही ठरवू नका, असं ते म्हणाले. वाक्याचा पहिला अर्धा भाग मी घरी आणला, दुसरा तिथेच ठेवला. पत्नीला सांगितलं, फोनवर आत्यालाही सांगितलं. ज्याला भास होतात त्यानं रस्त्यावर गाडी चालवावी का, असा प्रश्न मीच काढला आणि उत्तरही मीच दिलं. किल्ली माझ्या कपाटात गेली.

अप्पांनी ती स्वतःहून आणून दिली. म्हणाले, "तुम्ही अस्के म्हणता तर असेलच तसं." अस्के म्हणजे सगळे.

मी त्यांना सांगितलं होतं की दर रविवारी मी नेईन. किती वेळा नेलं ते सांगायला नको. पेपर तपासायचे असत, कोणाचं लग्न असे, कधी नुसता कंटाळा असे. अप्पांनी एकदाही आठवण करून दिली नाही. रविवारी सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून बसत आणि दुपारच्या जेवणाआधी तो बदलत. हे मला दिसत होतं. दिसूनही मी पेपर तपासत होतो.

उन्हाळा लागायच्या सुमारास आत्या लेकीकडे कोइंबतूरला राहायला गेली, कायमची. एकटीला जमेना. जायच्या आधी तिचा फोन आला तेव्हा अप्पा बराच वेळ कानाला लावून बसले होते. त्यांच्या बाजूनं मला एवढंच ऐकू आलं, "नाही गे, मला चालवता येईना आतां."

गाडी आता मीच शाळेला नेत असे. चैत्रातल्या एका दुपारी तिचा एसी बंद पडला. शाळेतून येताना बाहेरच्या हवेचं बटण उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मोठ्या देवळापाशी सिग्नलला थांबलो आणि वास आला. जळका, पण तेलाचा नाही, रबराचा नाही. फुलवात विझवल्यावर जी धुराची बारीक रेघ निघते, तिचा. हुबेहूब. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी स्टिअरिंग धरून बसलो होतो.

तसाच मेकॅनिककडे गेलो. या वेळी वातीसकट सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मग कापूस शोधायला पाहिजे, सार. हे तेव्हाच सांगायचं." इंजिन निवेपर्यंत थांबलो. गरम नळीवर पत्र्याचं एक झाकण असतं, ते त्यानं सोडवलं. त्याच्या मागच्या फटीत काळंकुट्ट काहीतरी चिकटलं होतं. पकडीनं ओढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. नळीच्या बाजूचे मणी जळून गेले होते. पलीकडचे तपकिरी झाले होते, आणि टोकाच्या दोन मण्यांवर हळद अजून ओळखू येत होती. गाडी उभी राहिली, इंजिन तापलं की ते करपायचं, आणि वास पुढच्या काचेखालच्या जाळीतून बाहेरच्या हवेबरोबर आत यायचा. एसी लावून आतलीच हवा फिरवणाऱ्याला तो कसा येणार?

"आणखी जवळ सरकलं असतं तर पेटलं असतं," मेकॅनिक म्हणाला. "कुणी ठेवलं हे?"

मी म्हणालो, मी.

घरी येऊन ते अप्पांच्या हातात दिलं. पूजेपासूनचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "अप्पा, तुमचं बरोबर होतं. चुकलं माझं." हे म्हणायला मला रस्ताभर तयारी करावी लागली होती. त्यांनी चष्मा लावून ते उलटसुलट करून पाहिलं. पिवळ्या राहिलेल्या मण्यावरून अंगठा फिरवला.

"तिच्या हातचं," म्हणाले. रागावले असते तर मी पाय धरले असते. किल्ली पुढे केली तर म्हणाले, "राहूं दे. जायचं कुठें आतां?" मग उठून ते वस्त्र तुळशीत ठेवून आले.

मला वाटलं, होईल हळूहळू. कोइंबतूरला घेऊन जाईन, त्यांना गाडी चालवायला लावीन. अजून नेलेलं नाही. लांबचा रस्ता मला नको, असं तेच म्हणतात, आणि मी लगेच ऐकतो.

परवा सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. पत्नी बाहेर गेली होती. दूध गॅसवर ठेवल्याचं मी पार विसरलो. खाली आलो तर घरभर करपट धूर, दूध आटून पातेलं काळं पडलेलं. स्वयंपाकघराच्या दारापासून दोन हातांवर अप्पा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी गॅस बंद केला आणि ओरडलोच.

"अप्पा! इथे बसून तुम्हांला वास नाही आला?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आला की," ते म्हणाले. "पण मला येतो म्हणून कसं सांगायचं? म्हटलं, तुला येईल तेव्हां खरा."

मी खिडक्या उघडल्या, सगळ्या, आणि पातेलं घासायला घेतलं.