धुऱ्यावरचा दगड

पृथ्वी घड्याळासारखी फिरते, असं शाळेत शिकवतात. ते खोटं आहे. ती किंचित डुलते, एखादा दिवस केसभर लांबवते, दुसरा आखडता घेते. यान दूर पाठवायचं तर त्या क्षणी पृथ्वी नेमकी किती वळलेली आहे हे ठाऊक लागतं, नाहीतर यान एकीकडे आणि आपला हिशोब भलतीकडे. हे डुलणं मोजण्यात माझी उभी नोकरी गेली. गावाकडचे, उमरीचे पाहुणे विचारायचे, पोरगी काय करते? आई सांगायची, सरकारात मोजणीला आहे. लोकांना वाटायचं, शेतं मोजते.

या मोजणीला जमिनीत घट्ट रोवलेला खांब लागतो. त्यावरचं यंत्र उपग्रहांचे संदेश ऐकतं, आणि ठिकठिकाणच्या अशा खांबांवरून पृथ्वीची चाल कळते. एक खांब मराठवाड्यात हवा म्हणून मी वर्षानुवर्षे वरिष्ठांशी भांडले. शेवटी लातूरजवळ तो उभा राहिला. पावसाळा लागला आणि माझा खांब वर उचलला जाऊ लागला. उन्हाळ्यात तो खाली बसला, शिवाय एका अंगाला कलला.

"तुमचं लातूर नाचतंय, मॅडम," आमचे प्रमुख भर बैठकीत म्हणाले. सगळे हसले. कुणी यंत्राला दोष दिला, कुणी भूकंप काढला. लातूर म्हटलं की लोकांना दुसरं काही सुचतच नाही. पुढच्या चांद्रमोहिमेआधी हे केंद्र बंद करायचं ठरत आलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच रागात मला आमच्या धुऱ्यावरचा दगड आठवला.

धुरा म्हणजे दादांच्या, माझ्या वडिलांच्या, आणि काकांच्या शेतांमधली हद्द. तिथला दगड दर उन्हाळ्यात आमच्या बाजूला सरकायचा, दादा काकांवर आळ घ्यायचे, आणि दोघे भाऊ एकमेकांना आईवरून शिव्या द्यायचे, आई एकच असूनही. एका सुटीत दादांनी मला राखणीला बसवलं. सबंध उन्हाळा मी बाभळीखाली डोळ्यांत तेल घालून बसले. रात्री दादा स्वतः तिथं बाज टाकायचे. कुणी फिरकलं नाही. तरी दगड सरकलाच. दादा म्हणाले, "झोपली असशील." ते मला फार लागलं.

काळी जमीन पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, आणि तिच्यात रोवलेलं सगळं हलवते. आमच्याकडे घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खणतात तो उगीच नाही. कंत्राटदारानं मात्र खांब काळ्या मातीतच उभा केला होता. मी प्रमुखांना सांगितलं, नवा खांब घालू, थेट खडकात, आणि भोवती मोकळा पाइप ठेवू, म्हणजे माती त्याला शिवणार नाही. ते म्हणाले, एक पावसाळा आणि एक उन्हाळा देतो; हलला तर केंद्र बंद.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला. सगळं लातूर खुशीत आणि मी एकटी रोज खांबाचे आकडे तपासत बसलेली. पुढे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. खांब ढिम्म हलला नाही.

मोहिमेच्या दिवशी हिशोबात आमचे आकडे होते, लातूरचेही. यान चंद्रामागून बाहेर यायचं होतं आणि अँटेना आम्ही सांगितलेल्या दिशेला रोखलेली होती. संदेश आला, ठरल्या जागेवरून. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. प्रमुख जवळ येऊन म्हणाले, लातूर भक्कम निघालं. मी म्हटलं, लातूर भक्कमच होतं, पाया कच्चा होता. आनंदानं मला रडू आवरेना.

बाहेर येऊन घरी फोन लावला. दादा आणि काका, दोघंही आता म्हातारे, टीव्हीसमोर एकाच बाजेवर बसले होते. भांडण धुऱ्यावरचं, टीव्ही एकत्र. फोन स्पीकरवर होता; मी खांबाची सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाले, "दादा, दगड कुणीच सरकवत नव्हतं. मातीच सरकून राहिली होती. आणि मी झोपले नव्हते."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग दादा काकांना सांगताना ऐकू आले, "ऐकलं का रे, पोरगी झोपली न्हवती."

"अन् मी चोर न्हवतो, ते?" काकांनी विचारलं.

"ते बी," दादा म्हणाले.