सिस्टरांचा डबा

"आता याला झोपवायचं," असं म्हणून सिस्टर फोन पिशवीत टाकायच्या. मग पदर कमरेला खोचायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि मासळीबाजारात घ्यायचं काही नसलेल्या बाईसारखं झाडाभोवती सावकाश फिरायचं. फोन 'सहा मीटर' म्हणत असायचा. माझा आकड्यांवर विश्वास. म्हणून मी माझा फोन हातात धरून सहा मीटर पुढे, सहा मीटर मागे करत राहायचो. डबा नेहमी त्यांनाच सापडायचा.

रत्नागिरीत आमच्या समोरच्या दारात त्या राहायच्या. सारी नोकरी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून झालेली. निवृत्त झाल्या तरी आख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणे. तुमच्याही इमारतीत असं कुणी असेल, ज्याचं पाटीवरचं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असतं.

हा खेळ त्यांना पनवेलहून सुट्टीत आलेल्या नातीनं शिकवला. जिओकॅशिंग. जगभर लोक रानात, किल्ल्यांवर, जुन्या खाणींपाशी छोटे डबे लपवतात आणि जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर सगळ्यांना देतात. दुसऱ्यांनी जाऊन शोधायचं, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून यायचं. सिस्टर सुरुवातीला याला 'डब्याला जाणं' म्हणत. "रविवारी डब्याला जायचंय, येता?" असं त्यांनी जिन्यात मला मोठ्यानं विचारलं, तेव्हा तळमजल्यावरचे काका बाहेर आले आणि "का हो, घरात पाणी नाही का?" म्हणाले. त्यानंतर आम्ही 'डबेशोध' म्हणू लागलो.

"तीस वर्षं लशींचा डबा खांद्याला लावून वाड्या पालथ्या घातल्या," त्या म्हणायच्या. "आता डबा आधीच पोचलेला असतो आणि मी मोकळ्या हातानं जाते. बढती झाली म्हणायची, भाऊ."

पहिल्यांदा आम्ही पूर्णगडला गेलो. मी, माझी बायको आणि सिस्टर. किल्ल्याच्या तटाशी आम्ही वाकून वाकून बघतोय, तोवर खालच्या वस्तीतल्या एका बाईनं विचारलं, "काय हरवलं हो?" खेळ गुप्त ठेवायचा असतो, म्हणून बायकोनं थाप मारली, "कानातलं पडलं." झालं! त्या बाईनं हाक दिली. बघता बघता निम्मी वस्ती वर आली आणि सगळी माणसं गवत चाळू लागली. एकीनं भिंतीच्या फटीतून आमचा डबा ओढून काढला, "ह्यात नाय बघा," म्हणून बाजूला ठेवला आणि पुन्हा शोधाला लागली. बायकोला शेवटी स्वतःच्या कानातलं काढून गवतात टाकावं लागलं, तेव्हा माणसं सुटली.

परतताना सिस्टर गाडीत म्हणाल्या, "यापुढे खरं सांगायचं. खरं कुणाला पटतच नाही, मग अडचण कसली?"

आणि तसंच झालं. "लपवलेला डबा शोधतेय," असं त्या शांतपणे सांगत आणि विचारणारा हसून निघून जाई.

मग त्यांच्या मनात आलं की आपलाही एक डबा असावा. देवरूखच्या वरच्या अंगाला, एका वाडीमागे बंद पडलेली चिऱ्यांची खाण आहे. नोकरीत त्यांनी ती वाट कितीदा तुडवलेली. ऐन-किंजळांच्या सावलीतून चढायचं, करवंदीच्या जाळ्या चुकवायच्या, आणि एकदम समोर जांभा दगड सुरीनं वडी कापावी तसा उभा कापलेला. तळाशी हिरवं पाणी, त्यात आभाळ. खाली उतरलं की फोन वेडापिसा होतो. सरळ भिंतींमुळे त्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. डबा त्यांनी वरच्या काठावर, एका मोडक्या चिऱ्याखाली ठेवला. मी जागेचं मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढली. मालक मुंबईला असतो, त्याची फोनवर परवानगी घेतली. तो म्हणाला, "खाणीत आता ठेवण्यासारखं काय आहे? ठेवा." डब्याला नाव दिलं 'दोन थेंब'.

त्याच सुमाराला सिस्टरांचा गुडघा दुखू लागला. मुलगा पनवेलहून दर आठवड्याला फोन करी, "आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये." एकदा माझ्यासमोरच त्यांनी उत्तर दिलं, "माझ्या डब्यात एक अनोळखी सही पडू दे. त्याच दिवशी बॅग भरते."

मुलाला ते निमित्त वाटलं. मला वाटलं नाही. सिस्टर बोलल्या की करणार, हे मला ठाऊक होतं. ती सही त्यांना मनापासून हवी होती. आपण दाखवलेली वाट कुणीतरी परका माणूस चालून यावा, एवढीच त्यांची हौस. तरी ती पडू नये असं मला अधूनमधून वाटायचं, हेही लिहून ठेवतो.

महिने गेले. कोणी आलं नाही. माझ्या बायकोला राहवेना. ती सिस्टरांना म्हणाली, "सांगलीहून माझा भाऊ येतोय. त्याला नेऊ, करेल सही. तुम्हाला कुठे तो ओळखतो?"

सिस्टर म्हणाल्या, "डोस न पाजता कार्डावर टिक करायची? मी कधी केली नाही."

दिवाळीनंतर आम्ही डबा ठीक आहे ना ते बघायला गेलो. झाकण उघडलं तर कागद गच्च भरलेला! सिस्टरांनी चष्मा लावला आणि वाचू लागल्या. सगळी नावं लहान मुलांची. प्रत्येक नावापुढे वय. दीड वर्ष. तीन वर्षं. आठ महिने.

तेवढ्यात वाडीकडून एक म्हातारी काठी टेकत आली. "सिस्टर, किती दिवस झाले! डोस कदी पाजणार? नावां सगळी दिलीत आमी."

सिस्टरांना डबा घेऊन खाणीकडे जाताना तिनं पाहिलं होतं. सिस्टर आणि डबा म्हटल्यावर तिनं जो अर्थ काढायचा तोच काढला. सगळ्या वाडीला निरोप गेला, आणि एका सुनेनं घरोघरची पोरं विचारून नीट अक्षरात नावं लिहिली.

सिस्टर चिऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग त्यांनी खेळ समजावून सांगितला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमीच लपवायचा आनि दुसऱ्यान् हुडकायचा?"

"हो."

"आनि मग परत थंयच ठेवायचा?"

"हो."

"पेन्शन बरी मिळते वाटतं," म्हातारी म्हणाली.

मी माझं मत दिलं. डबा सापडला, नावं लिहिली, नियमानं हे चालतं. सिस्टरांनी मान हलवली. "यातल्या निम्म्या पोरांच्या आयांना मी टोचलंय. अनोळखी कसली?"

म्हातारी विचारात पडली. "परकाच मानूस पायजे काय? बघतंय मी."

पुढच्याच महिन्यात एका दुपारी सिस्टरांनी आमची बेल वाजवली. फोन आमच्यापुढे धरला. कोल्हापूरच्या तिघांनी खेळात नवं खातं उघडून लिहिलं होतं: 'आम्ही फक्त जंगल बघायला आलो होतो. वाडीतल्या आजींनी पाणी दिलं, चहा दिला, पण डबा हुडकल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. जागाही सांगितली नाही. दोन तास लागले, पण कागदाच्या पाठीवर सह्या केल्या. असा दिवस पुन्हा मिळणार नाही.'

मी नियमावली वरपासून खालपर्यंत वाचली. "जबरदस्तीनं शोधायला लावू नये, असं कुठेही नाही," मी म्हणालो.

"मग झालं तर," सिस्टर म्हणाल्या. डोळे पुसले, ते हसून आलेलं पाणी होतं. जरा वेळानं माझ्या बायकोला म्हणाल्या, "माळ्यावरची बॅग काढून देता का? माझा गुडघा वर चढत नाही."

त्या गेल्या. समोरच्या दाराला कुलूप आहे. पनवेलहून फोन येतो. 'जय भीम' झालं की लगेच पुढे, "उड्डाणपुलाखाली डबा आहे म्हणे, रविवारी जातेय." खाणीवरच्या डब्याची देखभाल त्यांनी माझ्या नावावर केली आहे.

मागच्या आठवड्यात मी तिथे गेलो. मोडका चिरा उचलला. खाली काही नाही. फोन बघितला, आकडे बरोबर. माझीच सरासरी.

वरून हसण्याचा आवाज आला. म्हातारी आणि वाडीतल्या दोन बायका बांधावर बसल्या होत्या.

"सिस्टरांचा फोन आला व्हता," म्हातारी ओरडली. "म्हनाल्या, भाऊ येतील, डबा जरा सरकवून ठेवा. जल्मात त्यांना एक सापडला नाय."

"कुठे ठेवलात?"

"हुडका!"

नियमात हे बसतं की नाही, ते घरी जाऊन बघायचं ठरवलं. फोन खिशात टाकला, हात पाठीमागे बांधले आणि सावकाश फिरायला लागलो.