वादळात मारलेली हाक

उद्या-परवा कडक ऊन, मंग विजांसकट जोराचा पाऊस, असं नातवानं रेडिओ ऐकून सांगितलं, अन् मला निजामाच्या काळातली टेंभुर्णीची एक दुपार आठवली. राधाबाईला मूल न्हाई म्हणून मला दुसरी करून आणलं, त्याला महिनाच झाला होता.

ऊन असं, की ओसरीवर पाय ठेववत नव्हता. एकाएकी आभाळ काळं झालं, वावटळ सुटली, गारा कोसळायला लागल्या. गोठ्याचं छप्पर डोळ्यांसमोर उडालं. आम्ही दोघी सवती कोपऱ्यात अंग चोरून बसलो. तेवढ्यात मालक शेतातून भिजत पळत आले अन् दारातूनच ओरडले, "राधे, कुठं हाईस?"

"हितंच हाओत, दोघीबी," राधाबाई म्हणाली. तिनं आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं.

मी ते ढकलून दिलं. तरणी मी, नवी मी, अन् जिवावर बेतल्यावर त्यांच्या तोंडात नाव तिचं. माझा नुसता जळफळाट झाला.

आता दोघंही न्हाईत. घर, चूल, नवरा, सगळ्यातच मी तिचा अर्धा वाटा घेतला होता. हाक तेवढी तिची एकटीची उरली होती, अन् मला तीही सहन झाली न्हाई.