पाव वळसा

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणायचं एवढंच, खरं तर ते दुकान. बॉयलरचे गेज, दवाखान्यातल्या ऑक्सिजन सिलिंडरचे गेज, अशी दाब मोजणारी यंत्रं आम्ही दुरुस्त करतो. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत नांदेडकडून इथे आले, आणि मी गेली बावीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसते आहे. येणारा प्रत्येक माणूस यंत्र समोर ठेवतो आणि म्हणतो, हे खोटं दाखवतंय. बहुतेक वेळा यंत्राचं काही चुकलेलं नसतं. राग माझ्या नाकावर असतो, त्यामुळे मी तसं तोंडावर सांगून टाकते. गिऱ्हाईक दुखावतं, मालक दोन दिवस तोंड फुगवून बसतात.

असाच एक गेज घेऊन पाणबुड्यांचं पथक माझ्याकडे आलं होतं. पथक कसलं, सात-आठ नोकरदार माणसं. शहराबाहेर सोडून दिलेल्या दगडाच्या खाणी आहेत, त्यांत पाणी साचतं. तिथे पोहायला गेलेलं कुणी बुडालं की पोलीस यांना बोलावतात. जिवंत माणूस मिळत नाही. मिळेल ते वर आणून घरच्यांच्या हवाली करायचं, एवढंच काम. त्यांचा गेज पाण्यात कसा वागतो ते पाहायला म्हणून मी एकदा गेले आणि पुढच्या तीन वर्षांत स्वतःच उतरायला लागले.

मला शिकवलं उस्तादांनी. वय सत्तरीच्या आसपास, घर गौलीगुड्यात, गुडघे गेलेले. पाण्यात उतरणं त्यांनी कधीच सोडलं होतं, पण काठावर तेच असायचे. बाईमाणूस कशाला, असं पथकातले दोघं-तिघं कुरकुरले तेव्हा उस्ताद एवढंच म्हणाले, "पानी को क्या मालूम कौन औरत, कौन मर्द."

आमच्याकडे एक रीत होती. हवेचा सिलिंडर पाठीवर असतो आणि त्याचा व्हॉल्व्ह मानेच्या मागे. ज्याचा त्याला तो दिसत नाही. म्हणून उतरण्याआधी उस्ताद प्रत्येकाच्या मागे जायचे आणि व्हॉल्व्ह आपल्या हाताने तपासायचे. पूर्ण उघडायचा आणि मग पाव वळसा मागे घ्यायचा, म्हणजे तो अडकून बसत नाही. हे झालं की खांद्यावर दोन थापा. त्या थापा पडल्याशिवाय खाणीत कुणी पाय घालत नसे. मी तर देवधर्म न मानणारी, पण त्या थापांशिवाय मलाही उतरवत नसे.

आमच्यातला एक जण बँकेत कारकून आहे. तेलुगू माणूस, दोन मुलींचा बाप, मला अक्का म्हणतो. दिवाळीनंतर तो एकदा दुकानात आला आणि मनगटावरचं यंत्र काढून त्याने माझ्या टेबलावर आपटलं.

"अक्का, ये घडी एक दिन मेरेकू मारेगी."

घडी म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर. किती खोल आहात, किती वेळ झाला, सिलिंडरमध्ये हवा किती उरली, हे तो सांगतो. हवेचा आकडा त्याच्याकडे येतो तो ट्रान्समीटरकडून. अंगठ्याएवढी वस्तू असते, सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेली, आणि ती दर काही सेकंदांनी बिनतारी आकडा पाठवत राहते. कारकुनाचं म्हणणं असं की वर असताना आकडा ठीक, पण दहा-बारा मीटर खाली गेलं की तो उड्या मारतो. एकशे ऐंशी, मग एकशे दहा, परत एकशे सत्तर. खाणीच्या पाण्यात हाताला हात दिसत नाही. तिथे डोळ्यांजवळ धरलेल्या त्या आकड्यावरच सगळी भिस्त असते.

मी कंबर कसली. ट्रान्समीटरची बॅटरी बदलली, रबरी कडी बदलली. घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्यावर घ्यायला लावलं, कारण पाण्यात त्या लहरी फार तर हातभर लांब पोचतात. टॉर्चमुळे गोंधळ होतो म्हणून टॉर्च बदलला. दुसऱ्याच्या ट्रान्समीटरचा आकडा याच्या घड्याळात शिरतो की काय, म्हणून जोडणी पुसून नवी केली. दुकानात बादलीत बुडवून पाहिलं, रविवारी तलावावर शिकवणी असते तिथेही पाहिलं. आकडा दगडासारखा स्थिर. खाणीवर गेलं की पुन्हा उड्या. कंपनीने नवा ट्रान्समीटर पाठवला, तोही तसाच वागला. तेवढ्यात आणखी दोघांच्या घड्याळांनी तेच सुरू केलं.

शेवटी मी कारकुनाला जोडीला काट्याचा जुना गेजही लावून दिला. वर आल्यावर तो म्हणाला, काटासुद्धा प्रत्येक श्वासाला खाली जातो आणि परत वर येतो. मी म्हटलं, काटा जुना झालाय. दोन वेगळी यंत्रं एकच गोष्ट सांगत होती आणि मी दोघांनाही खोटं ठरवलं. हे आठवलं की आजही मला माझीच चीड येते. एखाद्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी त्याला दारातून हाकललं असतं.

कळलं ते पाण्याखाली. त्या दिवशी मी उतरले होते, कमरेला दोरी बांधून. आम्ही एकेकटेच उतरतो आणि दोरीचं दुसरं टोक काठावर उस्तादांच्या हातात असतं. तेरा मीटरवर माझा आकडा उडायला लागला. श्वासही जड झाला. तिथे श्वास जड होतोच. गार काळं पाणी, हाताला काय लागेल याची धास्ती, त्यामुळे आम्ही कुणीच ते मनावर घेत नव्हतो. पण त्या वेळी श्वास ओढावा लागत होता, जाड कापडातून ओढावा तसा. मी हात मागे घेतला, बोटं कशीबशी व्हॉल्व्हपर्यंत पोचली आणि मी तो डावीकडे फिरवून पाहिला. तो फिरला. फिरतच गेला. जेमतेम पाव वळसा उघडा होता. पूर्ण उघडल्यावर श्वास मोकळा झाला, आकडा जागेवर बसला आणि परत हलला नाही.

मग मी चिखलावर गुडघे टेकून नुसती बसून राहिले. दुकानात व्हॉल्व्ह मीच उघडत होते. रविवारच्या तलावावर ज्याचा तो उघडत होता, कारण तिथे उस्ताद हल्ली येत नसत. ते फक्त खाणीवर यायचे. पूर्ण उघडून पाव वळसा मागे घेण्याऐवजी त्यांचा हात आता पूर्ण बंद करून पाव वळसा उघडत होता. वर काही जाणवायचं नाही, कारण नळीत भरलेली हवा पूर्ण दाब दाखवते. खाली फुप्फुसं जास्त हवा मागतात आणि एवढ्याशा फटीतून ती पुरत नाही. यंत्रं तीच गोष्ट ओरडून सांगत होती.

हे सुचायला इतका उशीर का झाला, तर उस्तादांच्या हातावर शंका घेणं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नंतर एकेक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात त्यांनी मला माझ्या आईची तब्येत दोनदा विचारली होती, दहा मिनिटांच्या अंतराने. एकदा खाणीचा रस्ता चुकले होते. आम्ही हसलो होतो, तेही हसले होते.

मी वर आले आणि गप्प बसले. कुठल्या तोंडाने सांगणार होते? बायको गेलेली, मुलं परदेशात, खाणीवरून फोन आला की त्या माणसाच्या अंगात जीव यायचा. मी ठरवलं, आपणच सांभाळून घेऊ. उस्तादांच्या थापा पडून गेल्या की ट्रान्समीटर बघायचा बहाणा करून मी प्रत्येकाच्या मागे जायचे आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे. सगळ्यांची घड्याळं एकदम सुधारली. अक्काने दुरुस्त केलं म्हणून कारकुनाने मला मिठाई आणून दिली. पथकाच्या नोंदवहीत मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "ट्रान्समीटर सदोष, दुरुस्त केला." पहाटे आईबरोबर पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं की माझा आवाज खाली जायचा. आई विचारायची, घसा बसलाय का. मी हो म्हणायचे.

तीन आठवडे हे असं चाललं. मग एका दुपारी फोन आला. एक कॉलेजचा मुलगा बुडाला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याची आई काठावर होती. पोलिसांनी तिला बाजूला बसवलं होतं, पण मी एकटीच बाई पाहून ती माझ्याकडे आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, पाणी खाली गार असतं का, त्याला थंडी सोसत नाही. मला हात सोडवून घेता आले नाहीत. मी मान वळवून पाहिलं तर उस्तादांनी कारकुनाच्या खांद्यावर दोन थापा मारल्या होत्या आणि तो पाण्यात शिरत होता.

मी ओरडू शकले असते. थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता. पण सगळ्यांसमोर, उस्तादांसमोर, काय म्हणून थांबवायचं, ते मला त्या क्षणी सुचलं नाही. म्हटलं, आधी काही झालं नाही, आजही होणार नाही.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला उस्ताद एकदम उठून उभे राहिले. आम्हाला कुणाला काही दिसलं नव्हतं, पण दोरी त्यांच्या हातात होती आणि ती त्यांना कळली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाने ती कशी ओढली, मला ठाऊक नाही. कारकून वर आला तेव्हा तोंडाला लाल फेस होता. हवा येईनाशी झाल्यावर तो घाबरून श्वास धरून वर निघाला होता, आणि तसं वर आलं की फुप्फुसं आतून फाटतात.

तो वाचला. पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जिने चढतानाही त्याला धाप लागेल, किती दिवस ते सांगता येत नाही, असंही म्हणाले. बुडालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांनी वर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले तर उस्ताद वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. कपडे कालचेच.

"वो घड्यां सब फेंक दे, बेटा," ते म्हणाले. "डब्बे हैं सब."

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "उस्ताद, घडी में कुछ खराबी नहीं है." आणि मग सगळं सांगितलं. माझी हिंदी धड नाही, पण एकही गोष्ट गाळली नाही.

त्यांनी उजवा हात समोर धरला आणि हवेतच व्हॉल्व्ह फिरवला. आधी उजवीकडे, पार शेवटपर्यंत. मग डावीकडे, थोडासा. हाताकडे पाहिलं. परत फिरवला, तसाच. तिसऱ्या वेळी त्यांनी दुसऱ्या हाताने आपलंच मनगट पकडलं.

"सब लोगां का ऐसाच करा मैं?"

"हौ, उस्ताद."

"तेरा भी?"

"मेरा भी."

"तेरेकू कब मालूम पडा?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "तीन हफ्ते हुए."

"फिर बोली कैकू नहीं?"

मी म्हटलं, आपको बुरा लगेगा करके. बोलताना मलाच ते हलकं वाटलं.

समोरच्या बाकावर कारकुनाच्या दोन्ही मुली शाळेच्या गणवेशात बसल्या होत्या. धाकटी बिस्किट हातात धरून झोपून गेली होती. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो चढला नाही.

"मैं तो भूल गया था, बेटा," ते म्हणाले. "तू तो नहीं भूली थी."