हेदवीहून परतलेल्या आठ टिटव्या

कुंभार्ली घाट उतरताना मी सारखी मागे वळून बघत होते. गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरवर आमची सोळा फुटी मोटरबोट, आणि प्रत्येक वळणावर ती दरीकडे झुकतेय असं वाटायचं.

"तू बघितल्याने ती सरळ राहणार आहे का?" गाडी चालवता चालवता शिरीष, माझा नवरा, म्हणाला.

मी तरी बघत राहिले. आमची बोट आजवर तापोळ्याच्या जलाशयाबाहेर गेलेली नव्हती. आता ती रत्नागिरी जिल्ह्यात, तवसाळच्या खाडीतून थेट समुद्रात जाणार होती.

बोटीचं नाव 'टिटवी'. म्हणजे आमच्या एकटीचं नव्हे, त्या बनावटीचंच ते नाव. फायबरची हलकी बोट, वर उचललेलं नाक, बाजूला निळा पट्टा आणि त्यावर उंच पायांचा पक्षी. ती बनवणारा छोटासा कारखाना कधीच बंद पडला. उरलेल्या बोटी कुठे धरणात, कुठे खाडीत, हौशी माणसांनी जीव लावून जपलेल्या. या माणसांना शोधून काढून त्यांचा फोनवर ग्रुप केला तो पुण्याच्या बापटांनी. टिटवीवाल्यांचा पहिला मेळावा कोकणात भरवायचा ही कल्पनाही त्यांचीच.

चिपळूणच्या पुढे रस्ता सड्यावर (झाडं नसलेलं कातळाचं उघडं पठार) चढला. वाळलेलं गवत, मधेच मोहोरलेल्या कलमांची बाग, पुन्हा कातळ. संध्याकाळच्या सुमारास तवसाळला उतरलो आणि समोर खाडी दिसली. जलाशयाचं पाणी आपल्यापाशी थांबलेलं असतं. हे पाणी कुठेतरी निघालेलं होतं. पलीकडे जयगडचा किनारा, मधून फेरीबोट गाड्या घेऊन येत होती आणि प्रवाह तिलाही थोडं बाजूला ओढत होता.

धक्क्याजवळ बापट उभे होते. सत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. "आलात! नववी टिटवी!" असं म्हणून त्यांनी आमची विचारपूस करण्याआधी आमच्या बोटीवरून हात फिरवला. बायको गेल्यापासून हे गृहस्थ एकटेच राहतात एवढं मला ठाऊक होतं. त्यांचा सगळा दिवस टिटवीवाल्यांना फोन करण्यात जातो, हेही.

आमची उतरायची सोय कोळीवाड्यातल्या एका घरी होती. घरधनीण शेवंतीताई; त्यांच्या घरची मासेमारीची मोठी बोट होती. त्यांनी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, तळलेले बांगडे आणि तांदळाची भाकरी वाढली. वाढता वाढता म्हणाल्या, "तुमच्या बोटी दिसायला गोड हायत ओ. पन कठडा केवढासा. लाट आत येयाला कितीसा वेळ?"

समोर मंडणगडचे तांबे सर बसले होते. शाळेत विज्ञान शिकवतात, आणि सुट्टीच्या दिवशी सावित्रीच्या खाडीत आपली टिटवी फिरवतात. ते म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. सकाळी समुद्र झोपलेला असतो. फक्त दुपारच्या आत परतायला हवं. वारा सुटला आणि त्यात ओहोटी लागली, की खाडीच्या तोंडावर पाणी उभं राहतं."

"तेच तर मी सगळ्यांना कळवलंय," बापट म्हणाले. "बाराच्या आत सगळ्या टिटव्या धक्क्याला. एका रांगेत आत यायचं. धक्क्यावरून सगळ्यांचा फोटो काढायचाय."

सकाळी खरंच समुद्र झोपलेला होता. खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा पाण्यावर तेल सांडल्यासारखी गुळगुळीत चमक. नऊ बोटी, नऊ निळे पट्टे. उजव्या हाताला किनाऱ्याचे काळे खडप (समुद्रात घुसलेले खडक), त्यावर बगळे. साताऱ्याहून निघाल्यापासून शिरीष पहिल्यांदाच मोकळा हसला. मीही सुकाणू धरून पाहिलं.

हेदवीच्या पुळणीजवळ (वाळूच्या किनाऱ्याजवळ) नांगर टाकून आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत वर गेलो. रिक्षाने दशभुजा गणपतीला जाऊन आलो. डोंगराच्या अंगावरचं देऊळ, भोवती दगडी तट, आत गारवा. मी हात जोडले ते परतीच्या वाटेसाठी, हे शिरीषला सांगितलं नाही. एका घरी सगळ्यांचं जेवण सांगितलं होतं. मोदकांसाठी थोडं थांबावं लागलं, आणि थांबलो त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

खाली आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सगळ्यांची इंजिनं सुरू झाली, बापटांचं सोडून.

त्यांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली. कुणी प्लग काढून पुसला, कुणी तेलाची नळी तपासली. इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं. बापटांच्या मानेवर घाम आला होता. "काल तर एका झटक्यात लागलं होतं," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तेवढ्यात माझ्या ओढणीचं टोक फडफडलं. मी वर पाहिलं. किनाऱ्यावरच्या माडांची पानं एका बाजूला वळली होती.

"बाकीच्यांनी निघा," तांबे सर म्हणाले. "मी थांबतो. शिरीषराव, तुमचं इंजिन दमदार आहे, तुम्ही बापटसाहेबांना दोर लावा."

मी म्हटलं, "त्यापेक्षा त्यांची बोट इथेच राहू दे. तवसाळहून ट्रेलर रस्त्याने आणूया. जवळच तर आहे."

"या भुसभुशीत वाळूत माझी जीप रुतेल," बापट म्हणाले. "आणि तोवर या वाऱ्याने ती खडपावर आदळेल. नाही, नाही. माझी टिटवी माझ्याबरोबर येईल."

"मग तुम्ही तरी आमच्या बोटीत बसा."

"सुकाणूवर माणूस नसेल तर मागची बोट वेडीवाकडी पळते, वहिनी." हे मात्र खरं होतं. शिरीषने मान डोलावली. सहा बोटी पुढे निघून गेल्या. मागून आमच्या तीन.

बराच वेळ सगळं ठीक चाललं. वारा पाठीमागून होता, लाटा मागून येऊन आम्हाला उचलायच्या आणि पुढे निघून जायच्या. मी मागच्या फळीवर बसून दोरावर नजर ठेवली होती. दोराच्या पलीकडे बापट, टोपी उडून गेलेली, दोन्ही हात सुकाणूवर. अधूनमधून ते मला हात करायचे. मी हात करायची. एकेक लाट मात्र आधीच्या लाटेपेक्षा जरा उंच वाटत होती. मी शिरीषकडे पाहिलं. तो दर लाटेआधी मागे वळून बघत होता.

खाडीच्या तोंडाशी आलो आणि तांबे सरांचे शब्द डोळ्यांनी पाहिले. आतून ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं, बाहेरून वारा लाटा आत ढकलत होता, आणि दोन्ही भिडत होती तिथे पाणी अक्षरशः उभं राहत होतं. पांढरं, तुटक, आखूड. पुढे तांबे सरांची बोट दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची.

मागून आलेल्या लाटेने बापटांची बोट उचलली आणि ती आमच्या अंगावर धावून आली. दोर सैल पडून पाण्यात बुडाला. लाट सरली तसा तो एकदम ताठ झाला आणि आमच्या बोटीला असा हिसका बसला की मी फळीवरून खाली पडले. उठून पाहते तर बापटांची टिटवी आडवी झालेली. पुढची लाट तिच्या कठड्यावरून सरळ आत गेली.

"पाणी भरलं!" मी ओरडले.

बापट एका हाताने बादलीने पाणी काढत होते. दुसरी लाट आली आणि बादलीच वाहून गेली. आता ती बोट दगडासारखी जड झाली होती. तिच्या ओझ्याने आमची मागची बाजू खाली खेचली जाऊ लागली आणि माझ्या पायांवर समुद्राचं पाणी आलं.

"वैशाली, दोर सोडावा लागेल," शिरीष म्हणाला. आवाज अगदी हळू होता. त्यामुळेच मला खरी भीती वाटली.

"आधी त्यांना घे!"

तांबे सर वळून आले होते. बापटांच्या बोटीजवळ जाणं शक्य नव्हतं, दोन्ही बोटी एकमेकींवर आदळल्या असत्या. ते थोड्या अंतरावरून हातवारे करत होते, उडी मारा, उडी मारा. बापटांनी लाइफ जॅकेट घातलेलं होतं. पण ते कमरेएवढ्या पाण्यात सुकाणू धरून बसून राहिले. मान हलवत होते. नाही. नाही.

"बापटसाहेब, उडी मारा!" मी ओरडले. "अहो, उडी मारा!"

ते माझ्याकडे बघत होते, पण ऐकत नव्हते. माझं काय झालं कोण जाणे. "ए बापट!" मी किंचाळले. "सोड ती! सोड म्हणते ना! उडी मार!"

त्यांचे हात सुकाणूवरून सुटले. ते उठले आणि पाण्यात पडले.

शिरीषने इंजिन बंद केलं, नाहीतर पंखा त्यांच्या अंगात घुसला असता. इंजिन थांबताच आमची बोट वळून लाटांना आडवी झाली. दोराची गाठ ताणाने इतकी आवळली होती की नखंही शिरेनात. सकाळी कलिंगड कापायला घेतलेली सुरी पिशवीत होती. मी ती काढली आणि करवतीसारखी दोरावर घासू लागले. नायलॉनचा एकेक पीळ तुटत होता. एक लाट माझ्या पाठीवर फुटली. सुरी सुटली नाही, एवढंच आठवतं. मग फट्कन आवाज आला आणि आमची बोट मागून वर उसळली.

"घेतलं! घेतलं त्यांना!" तांबे सरांचा आवाज.

त्यांनी बापटांना जॅकेटच्या पट्ट्याला धरून आपल्या बोटीत ओढलं होतं. शिरीषने इंजिन सुरू केलं. ते पहिल्या झटक्यात लागलं, आणि मला रडू फुटलं.

खाडीत शिरल्यावर मी मागे पाहिलं. बापटांची टिटवी उलटी झाली होती. पांढरं पोट वर करून ती खडपाकडे चालली होती.

धक्क्यावर सगळे उभे होते. फोटो कुणी काढला नाही. शेवंतीताईंनी बापटांना चुलीजवळ बसवलं, घोंगडी पांघरली आणि गरम पेज (भाताची पातळ कांजी) पाजली. "मानूस आला ना," एवढंच त्या म्हणाल्या. बापट वाटी धरून बसले होते आणि वाटी दातांवर वाजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तवसाळच्या पोरांनी फुटलेल्या टिटवीचे तुकडे गोळा करून आणले. जाळ्यात अडकले तर जाळी फाटतात म्हणून. बापट बघून आले, काही उचललं नाही.

परतताना आम्ही त्यांच्या जीपच्या मागे होतो. भरलेला ट्रेलर गुमान चालतो. रिकामा प्रत्येक खड्ड्यात उडतो, आदळतो, खणखणतो. तो आवाज आम्ही चिपळूणपर्यंत ऐकला. घाटाच्या पायथ्याशी ते चहाला थांबले, म्हणून आम्हीही.

मी म्हटलं, "काल मी तुम्हाला नको तसं बोलले. रागावू नका."

"एकेरी ऐकलं म्हणून तर हललो," ते म्हणाले. "ग्रुपमधून नाव काढतोय माझं. ज्याची टिटवी नाही त्याने ग्रुपमध्ये राहायचं नाही, हा माझाच नियम आहे. नाशिकच्या एका माणसाने बोट विकली तेव्हा मी त्याला काढलं होतं. आता मला वेगळा न्याय कसा लावू?"

शिरीष काहीतरी समजूत घालू लागला. बापटांनी हात वर करून त्याला थांबवलं, चहा अर्धाच ठेवून ते जीपमध्ये बसले.

घाट चढून वर आलो आणि फोनला रेंज आली. ग्रुपवर दिसलं, बापट बाहेर पडले होते. खाली लगेच दिसलं, तांबे सरांनी त्यांना परत आत घेतलं होतं. पाटणजवळ ते पुन्हा बाहेर पडले. तांबे सरांनी पुन्हा आत घेतलं. उंब्रजला पुन्हा तेच. मी मोठ्याने वाचत होते, शिरीष हसत होता, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

समुद्राने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. मला वाटत नाही त्याने काही शिकवलं. त्याला आमच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या पाण्यात आम्ही एकमेकांना ओरडून हाका मारल्या, तेवढंच आमच्या हातात होतं.

साताऱ्यात घराचं कुलूप उघडताना फोन वाजला. ग्रुपवर तांबे सरांनी लिहिलं होतं, "नाशिकवाल्यांचाही नंबर द्या, बापटसाहेब. त्यांनाही घेऊ."

थोड्या वेळाने खाली एक नंबर आला. पाठवणारे बापट होते.