पोळ्यातला बरोक

बरोक नावाची नक्षीदार कलाशैली युरोपात शे-दीडशे वर्षं टिकली. भातकुलीजवळच्या आमच्या गावात ती पोळा फुटेपर्यंतसुद्धा टिकली नाही.

तिला गावात आणणारा कलावंत मीच! पन्नासच्या दशकात मी अमरावतीला चित्रकला शिकत होतो. सरांनी एका परदेशी देवळाचं चित्र दाखवलं. खांबांना वेली, वेलींना फळं, फळांना पुन्हा पानं! (त्यात देव कुठे होता, ते मला अजून सापडलेलं नाही.) सर म्हणाले, "बरोक म्हणजे अलंकाराची हौस. सरळ रेष दिसली की तिला गिरक्या घ्यायला लावायच्या आणि रिकामी जागा सोडायचीच नाही." मी भारावलो. दुर्दैवानं लगेच पोळा आला.

सगळ्यात देखण्या जोडीच्या मालकाला पाटील फेटा बांधत. तो दरवर्षी शेजारच्या नामदेवकाकांना मिळे, आणि आमचे बाबा दिवाळीपर्यंत त्यांच्या घराकडे पाठ करून बसत. यंदा बाबांना फेटा हवाच होता.

"बाबा, यंदा झूल नको. बैल मी सजवतो."

"मंग काय, उघडेच नेतं का त्याईले?"

आमचा भाजीचा मळा. शिंगांवर मक्याच्या हिरव्या पानांच्या वेलांट्या, गळ्यात चवळीच्या शेंगांच्या झालरी, पाठीवर पालकाची महिरप आणि तिच्यातून डोकावणाऱ्या कोवळ्या काकड्या! आई बाहेर आली नि थबकली.

"काहून रे पोट्ट्या, बैल कुठी गेले?"

"आतमधी आहेत."

तोरणाखाली जोड्या ओळीनं उभ्या राहिल्या; तोरण तुटलं की पोळा फुटायचा आणि बैल घराकडे सुटायचे. पाटील आमच्यापाशी थांबले. "वा!" म्हणाले. बाबांनी टोपी काढून केस सारखे केले. तेवढ्यात नामदेवकाकांच्या बैलानं मान वळवून एक काकडी खाल्ली.

"नामदेव, तुह्या बैलाले आवर!"

"मी काय करू? तुमीच ताट वाढून आनलं!"

मग पलीकडच्यानं झालर ओढली. ओळ मोडली, आणि तोरण तुटायच्या आधीच पोळा फुटला! आमच्या जोडीभोवती गावचे बैल, बैलांमागे मालक, मालकांमागे वाजंत्रीवाले. आमच्याच हिऱ्यानं मोत्याच्या पाठीवरची महिरप संपवली. (घरभेदी!) बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लिंबाच्या झाडामागे गेलो.

पाटील मात्र पोट धरून हसत होते. "आज बैलाचा सन! साऱ्या गावच्या बैलाईले यानं जेवू घातलं. फेटा याचाच!"

फेटा बांधून बाबा घरी आले ते नामदेवकाकांच्या अंगणातूनच. कलेचा विजय झाला, असं मी गावभर सांगितलं. पुढच्या पोळ्याला खुद्द नामदेवकाका बोलवायला आले! मी कात्री, सुतळी घेऊन उठलो, तर म्हणाले,

"सजवू नको बाप्पा. नुसतं टोपल्यात आन."