मंगेशची डोलकाठी का मोडते

दोन महिन्यांत दोन डोलकाठ्या मोडल्यावर माझ्या मावसभावाचा, मंगेशचा, फोन आला. "ताई, रविवारी शर्यत आहे. काठी तिसऱ्यांदा मोडली तर कॅप्टन मले टीममधून काढते. तू ये, धीर येईल." मला पोहताही येत नाही, म्हणजे सल्लागार म्हणून मी अगदी लायक. शनिवारी नागपूरहून निघाले.

जाणाऱ्यांसाठी: उमरेड, भिवापूर करत पवनीकडे यायचं. उमरेडला तर्री पोहे खा आणि तर्री दुसऱ्यांदा मागायला लाजू नका. पुढे रस्ता जिथे उखडलाय, तिथे ते पोहे पुन्हा आठवतील.

कोंढ्याला मंगेशचं हार्डवेअरचं दुकान. कॅटामरानचं वेड त्याला कुठून लागलं, देव जाणे. दोन अरुंद नावा आडव्या दांड्यांनी जोडायच्या, मध्ये कार्बनची उंच काठी उभी करायची, ती तारांनी ताणायची आणि शीड चढवायचं. अंगणात दोन्ही मोडक्या काठ्या पडल्या होत्या. बुडापासून हातभर वर, एकाच जागी तुटलेल्या. वारा म्हणाल तर दोन्ही वेळा पंखा दोन नंबरवर असतो तेवढाच.

"कार्बन ताण कितीबी सोसते. आडवा घाव बसला का आतून तडकते, वरून दिसतबी नाही," मंगेश म्हणाला. "पण घाव घालते कोण? तारा मोजल्या, पेच बदलवले. कॅप्टन म्हणते, तुलेच तारा आवळता येत नाही."

त्याचा पडलेला चेहरा बघून माझी चेष्टा घशातच राहिली. मावशीने केलेला मासळीचा रस्सा-भात मात्र सुरळीत उतरला.

रविवारी सकाळी गोसीखुर्दच्या काठावर. धरणाचं पाणी नजर पोचेल तिथवर. चांगले बूट नेऊ नका, तिथला चिखल ते परत देत नाही. मंगेश नावेखाली वाकून तारा आवळत होता. मावशी नारळ घेऊन नावेवर चढली, नव्या काठीला कुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी नारळ उचलून काठीवर, बुडापासून हातभर वर हाणणार, तोच मी तिचा हात धरला.

"मावशी! काठीवर काहून?"

"नव्या चिजेले नारळ नको फोडू का? दरखेपी फोडतो मी. इथं सारा चिखल, गोटा कुठून आणू? काठी चांगली टणक आहे."

मंगेश बाहेर आला. आधी काठीकडे, मग आईकडे बघत राहिला.

"काय झालं रे?"

"काही नाही, आई. दे इकडे." गाडीच्या चाकाला लावलेली वीट आणून त्याने तिच्यावर नारळ फोडला.

काठी टिकली. मंगेश शेवटून दुसरा आला आणि जग जिंकल्यासारखा ओरडला. टीममधली जागाही टिकली. कॅप्टनने विचारलं, "मग आधीच्या दोन कायनं मोडल्या?"

मावशी शेजारीच खोबरं वाटत होती.

"समजलं नाही, सर. माह्याच तारा ढिल्या असतील."

"मी कवाची सांगून राहिली," मावशी कडाडली, "बराबर आवळत जा म्हणून!"

मंगेशने मान खाली घालून ऐकून घेतलं. मला हसू आवरेना, आणि डोळेही भरले.

नागपूरला परतल्यापासून मी शर्यतीतल्या कॅटामरानच्या मोडलेल्या काठ्यांबद्दल वाचत बसते. बाहेरदेशच्या मोठमोठ्या तज्ज्ञांचे अहवाल, आणि शेवटी तेच: कारण अज्ञात. दर वेळी वाटतं, तिथेही कोणीतरी आपल्या आईचं नाव घेत नाहीये.